जोडारी

आयटीआयच्या दाखल्यावर ट्रेड लिहिलाय : जोडारी.
तेव्हा लोखंड होतं, कानस होती,
मापात बसेपर्यंत घासत राहायचं.
आता काच जोडतो, केसाहून बारीक,
वर्सोव्याला, बर्फाच्या कारखान्यामागे,
उघड्या चेंबरात पाय सोडून, रात्री दोन वाजता.

काम कागदावर मोठं आहे.
पाच देशांच्या विद्यापीठांनी मिळून घेतलंय.
एकट्याला झेपत नाही, म्हणून वर्गणी.
हे मला कळतं. आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर अशीच आली.
तळमजल्याने विचारलं होतं,
आम्हाला वर चढवायचंच नाही, तर आम्ही का द्यायचे?
तिकडेही तसंच झालं म्हणे.
सातोसे मॅडम सांगत होत्या,
थिंफूला समुद्रच नाही,
तर समुद्रातल्या तारेचे त्यांनी किती द्यावे
यावर तीन बैठका गेल्या
आणि कोलंबोतलं एक अख्खं जेवण, थंड होऊन.

समुद्राचा भाग कधीच आटपला.
हजारो किलोमीटर आली तार
आणि किनाऱ्यावर येऊन मुकाट बसली.
अडलं ते पुढच्या चारशे मीटरला.
वॉर्ड ऑफिस, मग पर्जन्यजल, मग वाहतूक,
मग पुन्हा वॉर्ड ऑफिस,
कारण मधल्या साहेबांची बदली झाली.
सात महिने.
मोतीराम भांजीच्या दारासमोरून चर जाणार होता.
जाळी विणता विणता मान वर न करता तो विचारायचा,
"काय रे, तुमचा उजेड आला का?"
मी म्हणायचो, उजेड आलाय. सही यायचीय.

परळच्या डॉक्टर कवळींना मी एकदाच पाहिलं,
त्यांच्या खोलीत पॅच पॅनल बसवताना.
टेबलावर चितगावहून कुरिअरने आलेली हार्ड डिस्क,
खोक्यावर कस्टमचे तीन शिक्के, एक पुसट.
आत कुणा बाईच्या गाठीचा काप,
रंगवलेला, भिंतीएवढा मोठा करता येणारा.
नऊ दिवस लागले, त्या म्हणाल्या.
पेशी नऊ दिवस थांबत नाहीत.
मग मला विचारलं, चहा घेणार?

दोन टोकं.
सोलायची, स्पिरिटने पुसायची, कापायची,
कड आरशासारखी सपाट.
घामाचा थेंब चालत नाही,
म्हणून कपाळाला फडकं, अन् बोलणं बंद.
मशीनच्या पडद्यावर भुयारासमोर भुयार येतं,
थरथरतं, सरळ होतं.
ठिणगी.
आकडा उमटतो : शून्य दशांश शून्य दोन.
एवढीच गळती.
माणसांच्या बोलण्यात याहून कितीतरी जास्त गळतं.

असे शहाण्णव.
एकाहत्तराव्याला डंपर गेला, रस्ता हलला,
पुन्हा कापलं, पुन्हा पुसलं.
माझा हेल्पर नझीम पाना मांडीवर घेऊन
बसल्या बसल्या झोपला होता, त्याला उठवलं नाही.

पाच वाजून गेले तेव्हा कालिन्याहून मॅडमचा फोन.
लागली, म्हणाल्या. मागे दोघं-तिघं टाळ्या वाजवत होते,
एक कुणी बंगालीत ओरडत होता.
थांबा, तिकडून काहीतरी पाठवतायत.
मी थांबलो.
सहा मिनिटांनी म्हणाल्या, परळला पोचलं.
काय पोचलं, ते मी विचारलं नाही.
नवा काप असेल. दुसरीच कुणी बाई असेल,
नाव न सांगता माझ्या जोडांतून गेली.
तिचं पुढे काय झालं
हे मला कळायचं काही कारण नाही.

बोटी परतत होत्या. भांजीच्या घरात दिवा लागला.
चेंबरचं झाकण बसेना,
गंजून एका कोपऱ्यात फुगलं होतं.
नझीम म्हणाला, राहू दे, सकाळची पाळी बघेल.
मी पिशवीतून कानस काढली
आणि घासत बसलो,
मापात येईपर्यंत.