अंगठा वर

कळंगुटला उतरलो तेव्हा आम्ही सहाजणी,
इचलकरंजीच्या एकाच पतपेढीतल्या.
रिसॉर्टच्या पोऱ्यानं सहा शहाळी आणली,
प्रत्येकात एक कागदी छत्री.
पद्मा चौगुलेनं आपली छत्री पदराला पुसून पर्समध्ये ठेवली.
नातीला.

घरी सांगितलं होतं, प्रशिक्षण आहे.

पहिली रात्र बागाला.
दारावरच्या पैलवानानं आमच्या चपला पाहिल्या,
मग आम्हाला पाहिलं,
म्हणाला, लेडीज फ्री.
आत नुसतं धाड धाड, फासळ्यांत वाजणारं.
पोरं अंगावरचं काही झटकून टाकावं तशी नाचत होती.
रेहाना मुजावर नाचली,
आधी पर्स काखेत दाबून,
मग पर्स माझ्याकडे देऊन.
आणि पद्मा कोचावर गाढ झोपली.
चाळीस वर्षं मागांच्या शेडला टेकलेल्या खोलीत निजलेली बाई ती,
आवाज थांबला असता तर दचकून उठली असती.

शनिवारी हडफड्याचा रात्रबाजार.
लमाणी बाईनं पैंजण पाचशेला सांगितले.
भारती हावळ पटकन कानडीत शिरली.
बाई गदगची निघाली,
भाव दीडशेवर आला, वर एक अंगठी फुकट.
पुढच्या दुकानात बालीचं कापड होतं,
त्यावर कासवं, लाटा, मावळता सूर्य.
भारतीनं किनार उलटली, दोन बोटांत सूत चोळलं.
कसली बाली गं, हे तर आपल्या यड्रावचं.
तरी घेतलं. घासाघीस न करता, नऊशेला.
म्हणाली, एवढ्या लांब आलंय बिचारं, परत नेऊया.

रविवारी बोट.
पाचजणी काठाला धरून ओकत होत्या
म्हणून मी एकटीच उतरले. शूर वगैरे नाही.
आग्नेल नावाचा मुलगा, भुवया मिठानं पांढऱ्या,
मला शिकवत होता :
बाय, पाण्यात तोंड बंद, हात बोलतो.
बोट नि अंगठा जुळवून गोल, म्हणजे बरं आहे.
अंगठा वर, म्हणजे मला वर ने.
भियेनाका.

खाली गेले.
पाणी गढूळ हिरवं, जाहिरातीतल्यासारखं नव्हे.
एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा माझ्या चष्म्यासमोर थांबला
आणि काउंटरवर येऊन विषय विसरलेल्या माणसासारखा
तोंड उघडत-मिटत राहिला.
कुठंच माग नव्हता. भोंगा नव्हता.
माझाच श्वास, आत, बाहेर.
मला इतकं छान वाटलं
की मी आग्नेलला अंगठा दाखवला.
आणि त्यानं मला वर आणलं.

वर ऊन. इंदूचा पांढराफटक चेहरा.
काय झालं, काय झालं?
काही नाही, मी चुकीचं बोलले.

दुसऱ्यांदा उतरताना अंगठा मुठीत धरला.
आणि तिथं, त्या मुठीपाशीच,
मला ते सगळे अंगठे आठवले.
अठ्ठावीस वर्षं मीच धरत आले,
कांडीवाल्या बायकांचे, रात्रपाळीच्या हेल्परांचे,
सुताची रेघ खोल गेलेले, चिरलेले.
शाईत बुडव, पालथा कर, दाब.
इथं. आणि इथं. जामीनदार म्हणून इथं.
पालथाच केला मी प्रत्येक वेळी.
सरळ धरला असता तर काय म्हणाला असता
ते विचारायची पद्धत पतपेढीत नाही.

आग्नेलनं गोल करून विचारलं, बरं?
मी गोल केला.
दुसरं काय करणार.

आज सोमवार. काजूची पाकिटं वाटून झाली,
साहेबांना मोठं.
भारती यड्रावच्या कासवांचा झगा शिवायला टाकणार आहे.
उजव्या कानात अजून पाणी आहे,
आणि रस्त्यापलीकडचे माग
लांबून, खालून आल्यासारखे ऐकू येतात.
काउंटरवर एक बाई काही सांगतेय, हळू.
मी पॅड बाजूला सारते,
एका पायावर उभी राहून डोकं कलतं करते,
थांबा हं मावशी,
पुन्हा सांगा.