एवढ्या वेळेपुरतं

चूक एका स्वल्पविरामाची होती.
तिसऱ्या ओळीच्या शेवटी, महिरपी कंसाच्या जरा आधी.
तेवढ्यासाठी ह्रेफ्नानं अख्खी रात्र घालवली,
लोकरी हातमोज्यांची बोटं कापून,
मेंढवाड्याच्या पोटमाळ्यावर,
खाली तीनशे बारा मेंढ्या रवंथ करत असताना.

सर्व्हर म्हणजे काय, तर एक जुना संगणक,
चाऱ्याच्या कोठीवर, धूळ बसू नये म्हणून पोत्याखाली.
त्याच्या पोटात बापाची चाळीस वर्षांची वही,
तीन हिवाळे बसून तिनं टाइप केलेली:
कुणाच्या डाव्या कानाला चीर, कुणाच्या उजव्याला मागून खाच,
कोण कुणाची, कुठल्या साली जुळं,
कुठल्या साली काहीच नाही.

पत्ता: एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
प्रत्येक यंत्र स्वतःला याच नावानं हाक मारतं,
जसं प्रत्येक माणूस म्हणतो 'मी',
आणि सहसा घोटाळा होत नाही.
भाऊ केटिल आकुरेयरीहून फोनवर म्हणाला,
माझ्या लॅपटॉपवर तोच पत्ता घातला, काही मिळेना.
ती म्हणाली, तुझ्या 'मी'त इथल्या मेंढ्या नाहीत.
ये. कॉफी आहे. इथं बसून विचार.

जोडणीच्या आधीही सहायक बोलायचा.
फार गोड बोलायचा.
उन्हाळ्यात बापानं, स्टेनग्रिमुरनं, त्याला विचारलं होतं,
आमच्या होसाच्या आईचं नाव काय?
क्षणभरही न अडता त्यानं नाव सांगितलं,
वर वजनही: साडेएकसष्ट किलो.
अशी मेंढी ग्रैनागिलच्या गवतात कधी चरलीच नव्हती.
म्हातारा हसला नाही.
"असा एक दलाल यायचा आमच्याकडं," एवढंच म्हणाला.

पाचच्या सुमाराला
तिनं सगळं बंद करून पुन्हा उघडलं
आणि कोपऱ्यातला राखी ठिपका हिरवा झाला.
त्याखाली तीन अवजारं उगवली:
खूण शोध. वंश सांग. नोंद लिही.

बाप आधीच जागा होता.
त्याच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आहे,
माणसं तो काठानं बघतो.
तिसरं काढून टाक, म्हणाला.
वाचू दे त्याला हवं तेवढं. लिहिणं आपल्या हाती असावं.
तिनं काढलं,
या खेपेला स्वल्पविराम सांभाळून.

मग पहिला प्रश्न, आणि पडद्यावर चौकट:
हे अवजार वापरू का?
एवढ्या वेळेपुरतं, की कायमचं?
तिचं बोट 'कायमचं'वर गेलंच होतं.
"काय विचारतोय?"
तिनं वाचून दाखवलं.
"एवढ्या वेळेपुरतं."
"बाबा, दर वेळी विचारत बसेल."
"बसू दे. मी नाही दर सप्टेंबरात
घरच्या मेंढीचाही कान हातात घेऊन बघत?"

होसा. पांढरे पायमोजे. डाव्या कानाचं टोक कातरलेलं.
आई ग्रीता, ती मे महिन्याच्या हिमवादळातली.
चौदा जूनला डोंगरावर सोडली, सोबत दोन कोकरं.
सगळं बरोबर.
बाप प्रत्येक शब्दाला मान हलवत होता,
हिशेब तपासावा तसा.

"आता कुठं आहे ती?"

तीन फेऱ्या झाल्या होत्या डोंगराच्या.
नोव्हेंबर लागला होता.
चौकट आली. एवढ्या वेळेपुरतं.
ठिपका थोडा लुकलुकला.

चौदा जूननंतर नोंद नाही, सहायक म्हणाला.
ती कुठं आहे, मला माहीत नाही.

बापानं कप खाली ठेवला.
"आता माणसासारखा बोलला.
एवढं म्हणायला रात्र लागली त्याला."
"मला लागली," ह्रेफ्ना म्हणाली.

पण तो दाराशी पोचला होता.
बाहेर चांदण्यात डोंगर निम्म्यापर्यंत पांढरा,
आणि म्हातारा कुत्र्याला शीळ घालत होता,
एक लांब, दोन आखूड.
ती बूट शोधू लागली.
पडद्यावर नवी चौकट उघडी होती,
कुणीतरी हो-नाही म्हणेल म्हणून थांबलेली.