शून्याची त्रिज्या

टिळकवाडीत, माडीवरच्या खोलीत
खानापूर तालुक्यातल्या एकेचाळीस विहिरी
मी पडद्यावर मांडल्या.
जेवढं पाणी, तेवढं निळं वर्तुळ.

पहिल्यांदा नंदगडच इतकं फुगलं
की शेजारची तीन गावं त्याच्या पोटात गेली.
त्रिज्येला थेट आकडा दिला होता मी.
वर्गमूळ घेतलं, तेव्हा कुठं
ज्याची त्याला जागा मिळाली.

मोजून बघितली. चाळीस.

भरमाणीला फोन लावला.
दोराला गाठी मारून तोच फिरला होता चैत्रभर
फटफटीवर, खिशात चुना-तंबाखू आणि माझा तक्ता.
"ती टेकाखालची? मोजली की ओ.
दोर सगळा सोडला, भांडं खडकावर वाजलं.
वरनं मल्लव्वा म्हणाली, नीरु इल्ला.
म्हणून शून्य लिवलंय.
रकाना मोकळा न्हाई सोडला."

नव्हताच सोडला.
शून्य होतं, आणि शून्याची त्रिज्या शून्य.
वर्तुळ काढलंही असेल यंत्रानं,
दिसण्याइतकं नव्हतं, एवढंच.

सीमेची रेघ मात्र न मागता आली होती
नकाशाच्या फाइलीसोबत, ठसठशीत, काळी,
विहिरींशी तिचा काही संबंध नसताना.
ती पुसट केली.

मग त्या एका जागी
वेगळी आज्ञा लिहून फुली मारली, तांबडी,
आणि खाली खुणांच्या सूचीत लिहिलं:
'मोजलं. नाही.'

मल्लव्वाच्या भाषेतही लिहायला गेले,
तर अक्षरं रिकामे चौकोन होऊन उमटली.

फॉन्ट शोधतेय.