अकरा मात्रा

रविवारी उन्हाची धग जरा उतरली की
साखर पेठेत, गफूरभाई नदाफांच्या शिलाईच्या दुकानात
आम्ही कुंभारीकरबुवांवरून भांडतो.
बुवा जाऊन बेचाळीस वर्षं झाली.
भांडण चालू आहे.

मल्लेशम येमूल, मिलमधले रिटायर्ड जॉबर, म्हणतात
बुवांचं खरं काम ‘संगीत अर्धासन’पर्यंत,
पुढं नुसता हिशोब.
चाल कशी पाहिजे? चादरीच्या काठासारखी.
शंभरदा धुवा, रंग जागचा हलायचा नाही.

चन्नवीर हलकुडे लगेच खुर्चीच्या टोकावर येतात :
अर्धासनातली निम्मी पदं कन्नड कंपनीची आहेत बे,
माझ्या चुलत्याच्या तोंडी होती, बुवांच्या आधीपासून.

असतील. पण तुझ्या चुलत्याला
त्या कोमल धैवतावर असं थांबता आलं का?

त्याला थांबायला वेळ कुठला? बारा म्हशी होत्या.

गफूरभाई मशीन थांबवत नाहीत.
अर्धासनच्या राजाचा अंगरखा त्यांच्या वडिलांनी शिवलेला,
म्हणून त्यांचं मत आम्ही मानतो,
निदान पहिल्या अंकापुरतं.

मग गाडी ‘काचमहाल’वर येते. येतेच.
दुसरा अंक, राणीचं पद,
चाल चढत चढत तार षड्जाला पोचते
आणि थांबते.
अकरा मात्रा. ऑर्गन नाही, तबला नाही,
कुणी खोकतसुद्धा नाही.
मी ते पहिल्यांदा फोनवर ऐकलं
तेव्हा वाटलं, नेट गेलं.

पुण्याच्या एका विद्वानांनी त्या जागेवर चाळीस पानं लिहिलीत.
हलकुडे कात्रण खिशातच बाळगतात,
चष्मा पुसून वाचतात :
‘येथे बुवांनी मौनालाच स्वर दिला आहे.’

ब्लाऊजची बाही सैल करायला आलेल्या
सरस्वतीबाई कोंडा दारातच उभ्या होत्या.
बोटांना तंबाखूचा वास, पदराला विडीचा दोरा चिकटलेला.
म्हणाल्या, मौन कुठलं? भोंगा होता तो.

मशीन थांबलं.

माझे वडील पडदा ओढायचे. मी नऊ वर्षांची,
दोरीच्या बंडलावर बसलेली.
पहिला प्रयोग मिलच्या मागच्या मैदानात, तंबूत.
राणीनं वरचा सा लावला
आणि तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
तिचं तोंड उघडंच.
निम्मा तंबू उठला, डबे घेऊन.
बुवांनी ऑर्गनवरून हात वर केला : थांबा,
माणसं जाऊ द्या.
शेवटचा माणूस गेला, भोंगा बसला,
तसं बुवांनी तिला मान हलवून खाली आणलं.
मग पुढं नाशिक काय, बेळगाव काय,
तिथं थांबायचेच.
तिकडं कुठं भोंगा होता?

हलकुड्यांनी कात्रणाची घडी केली, उलटी.
म्हणजे अपघात, ते म्हणाले. अपघाताला प्रतिभा म्हणायची का?

कात्री चुकली, गफूरभाई म्हणाले,
तर तिथंच चुणी घालायची.
लोक म्हणतात, काय फॅशन आहे.

मी म्हटलं काहीतरी. आठवत नाही.
मला भोंगा माहीत नाही. माझ्या जन्माच्या साली तो बंद पडला,
माझ्यापर्यंत पोचली ती
नुसती त्याची जागा.

आणि येमूल गप्प.
इतका वेळ गप्प की हलकुडे म्हणाले, काय ओ,
मिलची बाजू निघाली, आता तरी जिंका.

मी होतो तिथं, येमूल म्हणाले.
वीस वर्षांचा, तिसऱ्या पाळीला.
बारा आण्याचं तिकीट काढून निम्मं नाटक बघितलं.
त्या अकरा मात्रांत
मी उठून गेलो होतो.
पुढचं काही मी ऐकलेलंच नाही.

दुकानात कुणी काही बोलेना.
बाहेर कुठल्या तरी घरातला माग, खटक खटक,
रविवारीसुद्धा.

हलकुडे फोन काढत म्हणाले, तिसरा अंक आहे माझ्याकडं.
लावू का?

येमूल उठले. चप्पल शोधली.
पुढच्या रविवारी. आज आमच्याकडं पाणी यायचंय,
चार दिवसांनी.

आणि पुन्हा मधूनच निघून गेले.

हलकुडे पायरीपर्यंत धावले, ओरडले :
मग हिशोब म्हणू नका ना ओ,
ऐकल्याशिवाय!