एकच उत्तर

म्हापशाच्या बाजारातल्या पाच जणी,
पाच मासळ्या, पाच रंगांच्या छत्र्या.
आंतरशालेय स्पर्धेचं कोडं, रविवारपर्यंत द्यायचं.
पट्टीनं चौकटी आखल्या,
फुल्यांपुरती जागा ठेवली.

सूचना लिहायची म्हणजे
सांगता सांगता स्वतःचंच तोंड दाबायचं.
‘मुडदुशीवाली निळ्या छत्रीच्या लगेच डावीकडे.’
‘शेवंतीकडे तारले नाहीत.’
इतक्या नाही-नाहीतून
एक होय उरायला हवं. नेमकं एक.

नववीतला साईराज माझा तपासनीस.
पेन्सिल चावत म्हणाला,
टीचर, दोन उत्तरं येतात.
पियेदाद आणि कुसमावतीनं जागा बदलल्या
तरी कुणाचंच काही बिघडत नाही.
खरं होतं.
बाजारातही बदलतात त्या, ऊन फिरलं की.

शुक्रवारी गेले, एखादी सूचना मिळते का बघायला.
रेमेदियानाच्या जागी
सातशिऱ्या भेंड्यांचे वाटे मांडलेले.
‘स्विंडनला गेली, लेकाकडे,’
शेवंती म्हणाली, खवले उडवत,
‘छत्री हांगाच सोडून.’

घरी येऊन सहावी सूचना लिहिली:
‘रेमेदियाना मधोमध बसते.
सुटे मागायला कुसमावती
उजवीकडे तिच्याकडेच वळते.’
साईराजनं सोडवलं. अकरा मिनिटं.
खाडाखोड नाही.

पण टीचर, ती तर गेली ना?
गेली.
मग चार जणींचं करूया?

रात्री करून बघितलं,
तिची ओळ खोडून, तिचा उभा रकाना खोडून.
चौघींत
पुन्हा दोन येतात.