अकरा मिलिमोल

तुर्कूच्या किनाऱ्यापुढे हजारो बेटं आहेत.
आउलिक्कीच्या बशीत आज एकोणचाळीस.
ताकावर लोण्याची कणी यावी, तेवढी.

दात्याचं नाव आम्हाला कळत नाही.
कागदावर एवढंच : पुरुष, एकेचाळीस,
मधुमेह पहिला प्रकार, बावीस वर्षं.
म्हणजे बेटं आहेत, पण वस्ती उठलेली.
पहारेकऱ्यांनीच
आपली माणसं परकी समजून
घरं रिकामी केलेली.
सल्मेबाई म्हणाल्या होत्या,
यातून काही निघायचं नाही,
तुलनेसाठी म्हणून चालवून टाक.

खोलीत अंधार. बाहेरही. दुपारचे चार, नोव्हेंबर.
आधी तीन मिलिमोल, उपाशीपोटीची साखर.
पडदा काळा.
मग ती दुसरी नळी उघडते. अकरा.

निरोगी बेटात काय होतं, ते तिला पाठ आहे :
साखर आत येते, चुलीत जळते,
चुलीची ऊब लागून
पोटॅशियमची खिडकी मिटते,
आत काहीतरी दाटून येतं,
मग कॅल्शियमचं दार धाडकन उघडतं
आणि भरलेल्या गोण्या भिंतीशी येऊन सुटतात.
शेजारीण शेजारणीला सांगते भिंतीतल्या भोकातून.
उजेड या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो,
एक आवंढा गिळेपर्यंत.

इथे काहीच नाही.
चार मिनिटं. सहा.
प्रयोगशाळेत खायचं नसतं, तरी
आउलिक्की खिशातली खारट काळी गोळी तोंडात टाकते.

सातव्या मिनिटाला, सव्विसाव्या बेटाच्या काठावर
एक ठिपका.
धूळ असेल.
ठिपका विझतो. लागतो.
विझतो.
लागतो.

भिंतीपलीकडे कुणी नाही, जिला सांगावं.
बावीस वर्षं तो माणूस
पोटाला सुया टोचत राहिला
आणि ही आत बसून
प्रत्येक जेवणाला ओ देत होती.
किती दिलं असेल तिने?
साखरेच्या एका दाण्यालाही पुरलं नसेल.

वहीत ती लिहिते : २६ – एक पेशी. कदाचित.
'कदाचित'खाली रेघ मारते, मग ती रेघ खोडते.

तिचा भाऊ ओस्मो नाउवोच्या फेरीबोटीवर असतो,
सातव्या वर्षापासून सुयांवर, आता कमरेला पंप.
ती त्याला फोन लावते.
आमच्याकडे अशा वेळी म्हणतात,
तुझ्या तोंडात साखर पडो.
मी शेजारी बशा धूत गप्प राहतो.

"एकच?" ओस्मो विचारतो.
"एकच."
"मग त्याचा उपयोग काय?"
"माहीत नाही. बहुतेक काही नाही."

फोनमधून इंजिनाची घरघर, कुणीतरी दोर ओढतंय.
मग तो म्हणतो, "अजून चालू आहे का ती?"

आउलिक्की मान वळवते.
नळी बंद करायची राहूनच गेलीय.