हसलेले अनारसे

पहिला अनारसा तुपात सोडला यांनी
आणि तो हसला.
हसला म्हणजे पसरला, विरला,
कढईभर खसखस करून गेला.

मी स्टुलावर. उजवा हात गळ्यात.
ऐरोलीच्या या ओट्याशी एकवीस दिवाळ्या उभी राहिलेली बाई
यंदा नुसती तोंडानं रांधतेय :
आच कमी करा. खसखशीची बाजू वर.
उलटायचा नाही, अहो, कधीच नाही,
झाऱ्यानं तूप उडवायचं वरून,
तान्ह्याला न्हाऊ घालतात तसं.

रबाळ्याच्या कंपनीत सूतभर फरक ओळखणारा माणूस
तीन दिवस गजर लावून तांदळाचं पाणी बदलत होता.
आता विचारतो, पीठ सैल म्हणजे किती सैल?
काय सांगू? ते बोटांना ठाऊक.
बोटं प्लास्टरबाहेर डोकावतात नुसती,
वळत नाहीत.

दुसराही हसला. तिसरा तर खदाखदा.
समोरच्या नलूताई तांडेल वाटी परत द्यायला आल्या होत्या,
कढईत डोकावून म्हणाल्या,
गूळ जास्त झालाय, मूठभर पिठी घाला,
आणि आधी तोंड बंद करा दोघांनी.

गॅलरीत शरयू कंदील करत बसलेली.
गेल्या वर्षीच्या कामट्या, कागद कुजलेला,
त्यावर चिकटवतेय माझे एक्स-रे.
अगं, सणासुदीला दारात हाडं टांगतं का कुणी?
तर म्हणे, पाऊस आला तरी भिजणार नाहीत,
आणि फुकट आहेत, आई.

पाचवा हसला नाही.
कडा लाल, अंगभर जाळी.
हे झारा धरून तसेच उभे, बोलेनात.
तूप निथळायचं राहिलं.

मग शरयूनं बटण दाबलं.
तिसऱ्या मजल्यावर माझं मनगट पेटलं,
गोट्यांसारखी आठ हाडं, दुधाळ,
आणि जिन्यात घसरले त्या दुपारची
एक बारीक काळी रेघ.
खालून वॉचमननं मान वर केली,
ताई, कसली फुलं काढलीत हो?

डाव्या हातानं मोडते अनारसा.
कडेला कुरकुरीत. मधे जरा कच्चा.
तसं सांगते यांना.
आणि दुसरा मागते.